उजव्या कोपऱ्यातलं नाव

खोपटच्या एसटी डेपोच्या मागे आमची चाळ होती. चाळीच्या टोकाला एक पत्र्याची शेड होती, तिला सगळे 'दत्ता पेंटरचा कारखाना' म्हणत. कारखाना म्हणजे काय, तर लाकडाचे दोन घोडे, एक लांब शिडी, भिंतीला टेकवलेले पत्रे, रंगाचे डबे आणि अण्णा. अण्णा म्हणजे माझे वडील. ठाण्यातल्या निम्म्या दुकानांचे बोर्ड त्यांच्या हातचे होते असं म्हटलं तर फार वाढवून सांगितल्यासारखं होणार नाही. नौपाड्यातल्या गल्ल्यांमधून त्यांच्याबरोबर चालताना मी दवाखान्यांच्या, शिंप्यांच्या, मिठाईवाल्यांच्या पाट्या वाचत जायची, आणि अण्णा त्यातलं फक्त काय चुकलं ते सांगायचे. घरात दिवसभर टर्पेंटाइनचा वास असायचा. दुपारी त्यात तळलेल्या बोंबलांचा वास मिसळायचा, आणि डेपोच्या कर्ण्यातून एक घोगरा माणूस अलिबागची, शिर्डीची, नगरची गाडी कुठल्या फलाटाला लागली ते सांगत राहायचा. आजही कुठे ताज्या रंगाचा वास आला की मला आधी भूक लागते, हे मी कुणाला सांगितलं तर हसतील.

आमच्या घरातला सगळ्यात महत्त्वाचा आवाज मात्र सुतळीचा होता. बोर्डावर अक्षरं आखण्याआधी सरळ रेघा हव्यात. त्यासाठी निळीत भिजवलेली सुतळी दोघांनी दोन टोकांना धरून ताणायची, तिसऱ्याने ती मधोमध चिमटीत उचलून सोडायची. टप्प. पत्र्यावर निळी रेघ उमटायची. हे काम एकट्याने होत नाही. मी दहा वर्षांची असल्यापासून एक टोक माझ्या हातात असायचं. पुढे अण्णांनी मला अक्षरं भरायला दिली, मग आखायला दिली. अठराव्या वर्षी माझं अक्षर असं झालं होतं की माणसं बोर्ड बघून 'दत्ताने काढलंय ना?' असं विचारायची आणि मी आतल्या आत फुगायची. एकच गोष्ट मिळाली नव्हती. प्रत्येक बोर्डाच्या खाली, उजव्या कोपऱ्यात अण्णा बारीक अक्षरांत 'दत्ता, ठाणे' असं लिहीत. त्यांच्या हाताखाली पाच-सहा जण येऊन शिकून गेले, त्यातल्या कुणाचंही नाव तिथे कधी लागलं नाही. त्याला ते 'कोपरा मिळणं' म्हणत, आणि कोपरा मागून मिळत नाही असंही म्हणत. मी मागितला नाही. मी फक्त आठ वर्षं वाट बघितली.

आणि मग मंजू आली.

मंजूची आई, हिरामावशी, कोलशेतहून आमच्याकडे मासे घेऊन यायची. डोक्यावर पाटी, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, आणि पाटी उतरवायच्या आधीच आईशी घासाघीस सुरू. आमची आई कोकणातली, तिला खाडीचं म्हावरं लागायचं. मोठे समुद्राचे मासे म्हणजे तिच्या मते पाहुण्यांसाठी. निवट्या आल्या की आईचा दिवस चांगला जायचा. चिखलात उड्या मारणारा हा बोटभर मासा, त्याचं आंबट कालवण ती अशी करायची की डेपोतले दोन कंडक्टर वास घेत दारापर्यंत यायचे. एके दिवशी हिरामावशीबरोबर तिची मुलगी आली. माझ्याच वयाची, सावळी, डोळे मोठे, बोलणं कमी. घासाघीस चालली होती तेवढ्यात तिने शेडमधला खडू उचलला आणि एका गंजलेल्या पत्र्यावर चिंबोरी काढली. पाच-सहा रेघांत. एक नांगा उचललेला, दुसरा जरा आत घेतलेला, चिंबोरी नेमकी पळायच्या आधी उभी राहते तशी. अण्णा मागून आले, त्यांनी ती बघितली आणि म्हणाले, "हं."

आता हे 'हं' समजायला अण्णा माहीत हवेत. माझं काम बघून ते म्हणायचे, 'बरं आहे, क्षची गाठ सांभाळ.' किंवा, 'ठीक.' 'हं' मी त्यांच्या तोंडून एकदाच ऐकलं होतं, तेही एका जुन्या देवळाच्या दरवाजाकडे बघताना. त्या गंजक्या पत्र्यावरच्या चिंबोरीला ते मिळालं, आणि त्या क्षणापासून ती मुलगी मला आवडेनाशी झाली. उगाच आडवळणाने कशाला सांगू, मी तिच्यावर जळायला लागले.

दुसऱ्या आठवड्यापासून ती रोज दुपारी यायला लागली. अण्णांनीच बोलावलं होतं. आई तिला कडा न फुटलेल्या कपात चहा द्यायची. तो कप पाहुण्यांचा होता, आणि रोज येणारी मुलगी पाहुणी कशी, हा प्रश्न मी आईला विचारलाही. आई म्हणाली, लांबून चालत येते गं ती. जेवायला बसली तर अण्णा माशाचं डोकं तिच्या ताटात सरकवायचे, कारण ते नीट खायचं कसं हे फक्त तिलाच येतं म्हणे. मी लहानपणी काटा लागेल म्हणून डोकं खात नसे, आणि पुढे मोठी झाल्यावर मला कुणी विचारलंच नाही. तुम्ही म्हणाल, माशाच्या डोक्यावरून काय जळायचं? पण जळणाऱ्याला वस्तू लहान की मोठी हे दिसत नाही. माझा एकच आधार होता. मंजूला अक्षर काढता येत नव्हतं. तिचा 'म' तोल जाऊन पडायचा, वेलांट्या कुठेही जायच्या. मी तिला शिकवायची, अगदी प्रेमाने शिकवायची, आणि तिचं चुकलं की मला बरं वाटायचं. तिने कधी मनाला लावून घेतलं नाही. "तुझं कसं येतं गं असं सरळ," म्हणायची आणि पुन्हा गिरवायला बसायची. तिच्या या साधेपणाचाही मला राग यायचा.

त्या दिवसांत कोलशेतच्या खाडीकाठी भराव टाकणं सुरू झालं होतं. पाडलेल्या इमारतींच्या विटा, माती, फुटक्या फरशा घेऊन ट्रक यायचे आणि तिवरांच्या झाडांवर रिकामे व्हायचे. तिवरं गुदमरली की चिखल सुकायचा, चिखल सुकला की निवट्या जायच्या. हे मला तेव्हा नीट कळत नव्हतं. हिरामावशीची पाटी हलकी होत चालली होती एवढं मात्र दिसत होतं. नौपाड्यातले एक डॉक्टर रविवारी खाडीवर पक्षी बघायला जात, त्यांनी चार-पाच मंडळी गोळा करून भराव थांबवायचा अर्ज तयार केला होता. त्याला सह्या हव्या होत्या. त्यासाठी खाडीकडे वळणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी एक मोठा बोर्ड लावायचा, येणाऱ्याजाणाऱ्याने थांबून विचार करावा असा, हे काम त्यांनी अण्णांना दिलं. अण्णा आम्हा दोघींना म्हणाले, तुम्ही दोघी कागदावर काढून आणा, चांगलं असेल ते करू.

मी चार दिवस खपले. माझ्या कागदावर खाडी म्हणजे एक रडणारी बाई होती, हिरवं लुगडं नेसलेली, तिच्या डोळ्यांतून दोन धारा, एका बाजूला कवटी, दुसऱ्या बाजूला मेलेले मासे, आणि वर यमक जुळवलेल्या चार ओळी. मला ते इतकं आवडलं होतं की मी आईला दाखवून तिच्या डोळ्यांत पाणी येतं का तेही बघितलं. आई म्हणाली, कवटी नको बाई घरात.

मंजूच्या कागदावर चित्रच नव्हतं. वाकड्यातिकड्या अक्षरांत खानावळीचा फळा होता. डेपोसमोर खानावळ होती तिच्या दाराशी असाच काळा फळा असायचा. सकाळी त्यावर खडूने यादी लिहायचे, आणि दिवसभरात एकेक पदार्थ संपला की त्याच्यापुढे 'संपले' लिहायचे. माशांची पाटी रिकामी होईपर्यंत आईबरोबर तिथे थांबताना मंजू तो फळा बघत असे. तिने वर लिहिलं होतं 'आज मिळेल', आणि खाली एकाखाली एक: निवट्या, संपल्या. जिताडा, संपला. कालवं, संपली. बोय, संपली. चिंबोरी, थोडी. कोलंबी, विचारून पाहा. सगळ्यात खाली, 'वेळ : ओहोटीची'. कुठला मासा आधी गेला आणि कुठला मग, तो क्रम हिरामावशीने सांगितलेला होता.

अण्णांनी तो कागद हातात घेऊन ओळीवर बोट फिरवत वाचला. बाहेर कर्णा पेणच्या गाडीबद्दल काही सांगत होता. मग त्यांनी माझा कागद उचलला, तोही नीट बघितला, आणि हळूच खाली ठेवला. त्यांनी फेकला असता तर मला परवडलं असतं. म्हणाले, "बोर्ड मंजूचा. अक्षरं उषाची. कोपरा मंजूला." त्यावर डॉक्टरांनी एकच सांगितलं, की लोकांना कळायला हवं, म्हणून शेवटी एक ओळ ठसठशीत टाका: 'खाडीत भराव टाकू नका. उरलेलं वाचवा.'

मला त्या रात्री जेवण गेलं नाही. बरं, माझं म्हणणं अगदीच खोटं होतं असंही नाही. त्या बोर्डावर चित्र नव्हतं, रेघ नव्हती, होती ती फक्त अक्षरं. वीस फूट लांब, दहा फूट उंच, सगळी माझी. तिने काय केलं होतं, तर एक फळा बघितला होता. तो मीही जन्मापासून बघत होते! आणि आठ वर्षं सुतळीचं टोक धरून उभी राहिलेली मी, आणि आठ महिन्यांत येऊन कोपरा घेऊन जाणारी ती. हा हिशेब मी मनात इतक्या वेळा केला की आज साठी उलटल्यावरही तो मला न अडखळता म्हणता येतो.

बोर्डाचं काम जागेवरच होतं. लोखंडी सांगाडा आधीचाच होता, त्यावर पत्रे ठोकले, बांबूची परांची बांधली. पत्र्यांना काळ्या रंगाची जमीन अण्णांनी दिली, कोपऱ्यात 'मंजुळा, कोलशेत' असं स्वतःच्या हाताने लिहिलं, आणि ते कल्याणला एका थिएटरच्या कामावर गेले. अक्षरं मी तीन दिवसांत उतरवली. खडूने लिहिल्यासारखी दिसावीत म्हणून पांढऱ्यात किंचित राखाडी घातला, कडा जरा पुसट केल्या, आणि खरं सांगते, इतकं चांगलं काम मी त्याआधी केलं नव्हतं. हातांना मत्सर कळत नव्हता. चौथ्या दिवशी, सोमवारी, फक्त शेवटची ओळ राहिली. सकाळी तिच्यासाठी सुतळी ताणली. एक टोक मंजूने धरलं, एक मी, आणि मध्ये हिरामावशीने चिमटीत उचलून सोडली. टप्प. पुन्हा टप्प. दोन निळ्या रेघा. मग ओहोटीची वेळ झाली म्हणून त्या दोघी पाट्या घेऊन चिखलाकडे गेल्या. मंजू वळून म्हणाली, "शेवटची ओळ तुझ्यावर सोडून जाते हां."

मी खडूने ओळ आखली. ब्रश पांढऱ्यात बुडवला. आणि तिथेच बसून राहिले. समोर सगळा बोर्ड होता आणि कोपऱ्यात तिचं नाव. मला वाटलं, ही ओळ नसली तर हे काय आहे? खानावळीचा फळा. लोक हसतील, म्हणतील काय वेड्यासारखा बोर्ड लावलाय. डॉक्टर वैतागतील. अण्णांना कळेल की फळा बघणं आणि बोर्ड करणं यात फरक असतो. नाव तिचं आहे, हसं तिचं होईल. मी ब्रश पुसला, ओल्या फडक्याने खडू आणि नीळ पुसून काढली, आणि त्या जागेवरून काळ्या रंगाचा एक हात फिरवला. कुणाला शंकाही येऊ नये इतका सफाईदार. मग सामान आवरून बस पकडली आणि घरी आले. आईने विचारलं, झालं का? मी म्हटलं, झालं.

तो आठवडा मी कधी नव्हे इतकी आनंदात होते, हे लिहायला लाज वाटते, पण लिहायलाच बसले आहे तर. मंजू त्या आठवड्यात आलीच नाही. मला वाटलं, लाजली असेल. शुक्रवारी हिरामावशी आली ती सांगत, की त्या बोर्डापाशी रोज गाड्या थांबतात आणि लोक खानावळ कुठे म्हणून तिच्या दारात येतात. आई पोट धरून हसली. मीही हसले, पण माझं हसणं वेगळं होतं. रविवारी डॉक्टर आणि अण्णा बोर्ड बघायला जायचे होते. मी आपणहून म्हटलं, मीही येते.

आम्ही पोहोचलो तेव्हा बोर्डाखाली हिरामावशी पाटी पुढ्यात घेऊन बसली होती. मंजू बाजूला उभी होती. अण्णांनी वर बघितलं. त्यांची नजर यादीवरून खाली आली आणि काळ्या जागेवर थांबली. डॉक्टरांनी चष्मा पुसला. कुणी काही बोलायच्या आत एक रिक्षा थांबली. त्यातून नवरा-बायको, दोन मुलं आणि एक म्हातारे गृहस्थ उतरले. गृहस्थांनी विचारलं, "काय हो, ही खानावळ कुठे आहे? निवट्या खाऊन वर्षं झाली."

हिरामावशीने त्यांच्याकडे मान वर करून बघितलं. "खानावल नाय बाबा," ती म्हणाली. "संपला लिवलाय ना, तं संपलाच. चला, दावतंय कुठं संपला ते." आणि ती उठली. ती पुढे, मागे ते कुटुंब, मुलांचे हात धरून. तिवरांच्या कडेला जिथे ट्रक रिकामे झाले होते तिथे तिने त्यांना नेलं. विटांच्या ढिगातून एक तिवराचा शेंडा वर आला होता. ती हात करून काहीतरी सांगत होती, ते गृहस्थ ऐकत होते. दहा मिनिटांनी ते परत आले तेव्हा गृहस्थांनी डॉक्टरांकडे बघून, हेच ते डॉक्टर हे माहीत नसताना, विचारलं की या बाई म्हणतात त्या अर्जावर सही कुठे करायची असते.

डॉक्टर म्हणाले की आठवडाभर दवाखान्यात हेच चाललंय, हिरामावशीने पाठवलेला प्रत्येक माणूस आधी खानावळीचं सांगतो आणि मग अर्जावर सही करतो. ते म्हणाले, मी सांगितलेली ओळ तुम्ही गाळलीत ते मला आत्ता आल्याआल्या आवडलं नव्हतं. पण ती ओळ असती तर लोक वाचून पुढे गेले असते. विचारायला कुणी उतरलंच नसतं. आणि ते मंजूकडे बघून म्हणाले की तुझी समज मोठी आहे.

मी तिचं हसं करायला गेले होते आणि तिच्या डोक्यावर मुकुट ठेवून आले होते. तेवढ्यात मंजू बोलली.

"मी नाही गाळली. उषाने गाळली."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. आता सगळं बाहेर येणार, हे मला इतकं स्पष्ट दिसलं की मी मान खाली घातली.

"मी मंगळवारी बघायला आलेले," मंजू सांगत होती. "आधी वाटलं विसरली. मग माणसं आईला विचारायला लागली, तेव्हा कळलं तिने का सोडली ते. माझ्या डोक्यात नसतं आलं, काका. मी लिहून मोकळी झाली असती."

तिने हे सांगताना माझ्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात काहीही नव्हतं. टोमणा नाही, समज दिल्याचा आव नाही, मला वाचवल्याचाही भाव नाही. तिला खरंच तसं वाटत होतं. मी तोंड उघडलं असतं तर तिथल्या तिथे सगळं मिटलं असतं. मी उघडलं नाही. अण्णा म्हणाले, "हं."

मग त्यांनी पिशवीतून लहान ब्रश आणि पांढऱ्याची डबी काढली, सांगाड्याला टेकवलेली शिडी मला धरायला सांगितली आणि वर चढले. मंजूच्या नावाखाली जागा नव्हती, चौकट होती, म्हणून माझं नाव त्यांनी तिच्या नावाच्या वर लिहिलं. 'उषा, खोपट.' मी दोन्ही हातांनी शिडी धरून उभी होते. आठ वर्षं ज्याची वाट बघितली ते वर लिहिलं जात होतं आणि मला मान वर करून बघवत नव्हतं.

त्या तुकड्यावरचा भराव पुढे थांबला, काही वर्षं तरी. आता तिथे काय काय उभं आहे ते सगळ्यांना दिसतं. तो बोर्ड गंजून केव्हाच गेला, आणि आता बोर्ड रंगवतही नाहीत, फ्लेक्स छापतात. अण्णा गेले. मी लग्न होऊन डोंबिवलीला आले आणि मंजू चित्रकलेची शिक्षिका होऊन माझ्या मागोमाग डोंबिवलीलाच आली, माझ्यापासून दोन रस्ते पलीकडे. आमची मैत्री आहे. लोक आमच्या मैत्रीचं कौतुक करतात. तिचं घर, तिची मुलं, तिची गुडघ्याची दुखणी, सगळं मला ठाऊक आहे, आणि अजूनही तिच्या हातून एखादी रेघ सहज उतरली की मला कुठेतरी आत टोचतं. फक्त आता मला ठाऊक आहे की माझा जीव तिच्या हातातल्या कलेवर कधी अडला नव्हता. एका मुलीच्या दुष्टपणात तिला शहाणपण दिसलं. तशी नजर मला कधी मिळाली नाही, आणि तिच्या सगळ्या गोष्टींत मला हेवा वाटतो तो त्या नजरेचाच.

गेल्या महिन्यात तिच्या नातीला शाळेत पोस्टर करायचं होतं, तलावात कचरा टाकू नका म्हणून. मंजूने तिला खाडीकाठच्या बोर्डाची गोष्ट सांगितली, माझ्यासमोर, नेहमीसारखी रंगवून. नात माझ्याकडे वळून म्हणाली, "उषाआजी, ती ओळ सोडायचं तुला सुचलं कसं?"

त्या दिवशी का कोण जाणे, मला सांगून टाकावंसं वाटलं. मी म्हटलं, "सुचलं नव्हतं गं. मी तुझ्या आजीवर जळत होते. तिचं वाईट व्हावं म्हणून सोडली."

नातीने मंजूकडे बघितलं. मग मंजू हसली, अगदी मनापासून, आणि नातीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "बघ, एवढी वर्षं झाली तरी मोठेपणा घेत नाही."